बिनवासाचं

मानेच्या घडीत लाल पुरळ उठलं
तेव्हा इझोर एकवीस दिवसांची होती.
डॉक्टरीणबाईंनी आधी तिची मान पाहिली,
मग झबलं हुंगलं,
आणि विचारलं, "कपडे कशात धुता?"
मी तुझ्याकडे पाहिलं, तिबो.
तू खिडकीबाहेर.

बाहेर उतारावर सांडलेलं ग्रास गाव,
आणि तळाशी तुझा कारखाना,
जिथे माणसाला नाकाचा पगार मिळतो.

लग्नाआधी तूच सांगितलं होतंस,
स्वच्छतेला स्वतःचा वास नसतो, तो आम्ही ठरवतो.
उन्हात वाळलेली चादर, ढग, बाळाची टाळू,
सगळं तिसऱ्या मजल्यावर
तपकिरी बाटल्यांत तयार होतं.
मी हसले होते.
मला वाटलं, तू लाडात येऊन बोलतोयस.

"तेच कारण असेल असं नाही," बाई म्हणाल्या,
"घाम असेल, लोकर असेल. पण बदलून बघा."

शनिवारी दुकानात
मी ढकलगाडीला धरून उभी, टाके अजून ओढत होते,
आणि तू एकेक बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचत होतास,
ज्यांना माझे डोळे पुरत नाहीत.
अस्वलाचं चित्र. पिसाचं चित्र.
एका डब्यावर इतकं गुबगुबीत बाळ
की त्याला कधी खाजच सुटली नसेल.
ही चकाकी आणते, नको.
हिच्यात एन्झाइम, नको.
मग ती फिकट निळी बाटली,
'नवजात बालकांसाठी',
आणि तू ती न वाचताच परत ठेवलीस.
तुझेच चौदा महिने होते तिच्यात.
तशाच सहा आपल्या मोरीखाली,
कारखान्याने बारशाची भेट म्हणून पाठवलेल्या.

सगळ्यात खालच्या फळीवर एक पांढरी,
वीज मंडळाच्या नोटिशीसारखं लेबल.
तू इकडेतिकडे पाहून झाकण फिरवलंस,
नाक खुपसलंस,
आणि अंधारात शेवटची पायरी चुकावी तसा थबकलास.
"काहीच नाही," म्हणालास.
"मग घे," मी म्हटलं. "पाय दुखतायत."

मादाम पेलिसिए जिन्यात भेटल्या.
हॉटेलच्या चादरी धुण्यात चाळीस वर्षं गेलेली.
"झाकणभर नका घालू, निम्मं घाला.
कंपनीला खपवायचं असतं, तुम्हाला धुवायचं.
आणि पाण्यातून दोनदा काढा."
शिवाय त्यांनी किसलेला साबण देऊ केला,
जो तू नाक न मुरडता घेतलास.
एवढा बदल मला पुरे होता.

तरी यंत्राच्या रबरी कडेत
तुझी कस्तुरी दडून बसलेली.
रिकामं यंत्र तीनदा फिरवलं
तेव्हा कुठे ती निघाली,
घर सोडायला कां-कूं करणाऱ्या भाडेकरूसारखी.

आता तू कामावरून येतोस
तो सदरा जिन्यातच उतरवून,
शेजारणीला लाजत, केस नळाखाली धुऊन,
आणि मगच तिला उचलतोस.
बुधवारी तू तिच्या टाळूवर नाक टेकलंस
आणि बराच वेळ काढलंच नाहीस.
वहीत लिहिलंस, ओलं पीठ? खोडलंस.
कोमट तांबं? खोडलंस.
खाली नुसती तारीख.

पुरळ चार दिवसांत उतरलं.
साबणामुळे, की मधल्या काळात वारा फिरला म्हणून,
कुणास ठाऊक.
त्या सहा बाटल्या अजून मोरीखाली आहेत.
कारखान्यात सांगणार आहेस का,
असं मी विचारलं तेव्हा तू
दोरीवरची झबली गोळा करत होतास,
एकेक हुंगत,
परीक्षेत कोरा कागद मिळालेल्या पोरासारखा.

उत्तर द्यायला तू तोंड उघडलंस,
आणि तेवढ्यात इझोरने
नुकत्याच चढवलेल्या झबल्यावर
गिळलेलं सगळं दूध ओकून टाकलं.

आंबट.
याला तरी नाव आहे, तू म्हणालास,
आणि बाही सरसावून मोरीकडे गेलास.